मॅडिसन १३०८, मनरो ९७२ : जुन्या व्हर्जिनियातल्या काँग्रेस निवडणुकीचे आकडे कसे वाचायचे

२ फेब्रुवारी १७८९ रोजी, सोमवारी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या पाचव्या मतदारसंघात मतदान झालं. जेम्स मॅडिसन यांना १३०८ मतं पडली आणि जेम्स मनरो यांना ९७२. दोघंही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामुळे हा निकाल बहुतेक ठिकाणी एका वाक्यात येतो आणि संपतो. नव्याने अभ्यासाला लागलेल्यांनी मात्र इथूनच सुरुवात करावी. लढत दुरंगी, मतदान एकाच दिवसाचं, आठही काउंट्यांचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आकडे उपलब्ध. सरावाला याहून सोयीचं उदाहरण नाही.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत काँग्रेस म्हटलं की पक्ष आठवतो. इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आणि निवडणूक म्हणजे तिच्या प्रतिनिधिगृहाची. सिनेटर, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाचे सदस्य, तेव्हा जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. म्हणून ८ नोव्हेंबर १७८८ चे जे आकडे तुम्हाला दिसतील, म्हणजे रिचर्ड हेन्री ली ९८, विल्यम ग्रेसन ८६ आणि मॅडिसन ७७, ती आमदारांची मतं आहेत. त्या पराभवानंतर मॅडिसन प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. दोन्ही निकाल एकाच तक्त्यात कधीही भरू नका.

पायरी पहिली : आकड्याच्या आधी कायदा

अमेरिकेच्या राज्यघटनेने निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचं काम राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवलं आणि त्यात बदल करण्याचा अधिकार काँग्रेसकडे ठेवला. काँग्रेसने तो बरीच वर्षं वापरला नाही. परिणामी पहिल्या काँग्रेसच्या ६५ जागा जवळपास राज्यागणिक वेगळ्या नियमांनी भरल्या गेल्या. ‘५२१ मतं’ असा नुसता आकडा पाहून तो माणूस जिंकला, हरला की पुन्हा मतदान झालं, हे सांगताच येत नाही. म्हणून कोणत्याही राज्याची वही उघडताना पहिल्या पानावर पाच उत्तरं लिहा : जागा किती, मतदारसंघ पाडले होते का, एका मतदाराला किती मतं, जिंकायला सर्वाधिक मतं पुरेशी की निम्म्याहून जास्त हवीत, आणि मतदान किती दिवस चाललं.

व्हर्जिनियाची उत्तरं सोपी आहेत. जागा १०, मतदारसंघ १०, प्रत्येकाला एक मत, सर्वाधिक मतांचा विजयी, मतदान एक दिवस. शिवाय कायद्यात एक पाचर होती : उमेदवार त्या मतदारसंघात किमान बारा महिने राहिलेला जमीनमालक असला पाहिजे. घटनेची अट फक्त वय २५, नागरिकत्व ७ वर्षांचं आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य, एवढीच. मतदारसंघातल्या वास्तव्याची अट राज्याने वरून घातली, आणि ती घटनेत बसत नव्हती असंच मानायला जागा आहे. पण तिने मॅडिसन यांना सोयीचा मतदारसंघ शोधायला वाव ठेवला नाही. ते ऑरेंज काउंटीचे. लढायचं ते तिथेच.

इतर राज्यांत नवखा माणूस नेमका कुठे फसतो, ते थोडक्यात सांगतो. पेनसिल्व्हेनियात १७८८ मध्ये मतदारसंघच नव्हते. सगळं राज्य एक धरून प्रत्येक मतदार ८ नावं देत होता. तिथे उमेदवारांच्या मतांची बेरीज करून ‘एवढे मतदार आले’ असं लिहिलंत तर आकडा जवळजवळ आठपट फुगतो. मेरीलँडमध्ये उमेदवार आपापल्या मतदारसंघातला हवा, पण मतं देणार सगळं राज्य. म्हणजे एखादा उमेदवार स्वतःच्या भागात मार खाऊनही निवडून येऊ शकत होता. कनेक्टिकटमध्ये आधी नामनिर्देशनासाठी मतदान आणि मग त्यातून निवड, असे दोन टप्पे होते.

सगळ्यात जास्त चुका मॅसॅच्युसेट्सच्या बाबतीत होतात. तिथे निम्म्याहून जास्त मतं लागत. कुणालाच ती मिळाली नाहीत की पुन्हा मतदान, आणि तेही आजच्यासारखं पहिल्या दोघांपुरतं मर्यादित नसायचं. पश्चिमेकडच्या हॅम्पशर आणि बर्कशर काउंट्यांच्या मतदारसंघात थिओडोर सेजविक पाचव्या फेरीत निवडून आले. अशा राज्यात किरकोळ नावांना पडलेली दोन-दोन, चार-चार मतं तक्त्यातून गाळायची नाहीत. ती एकूण मतांत धरली जातात, आणि फेरमतदान होणार की नाही हे कित्येकदा त्यांच्यावरच ठरतं.

पायरी दुसरी : मत कुणाला होतं

घटनेने यासाठी साधा दंडक घातला : राज्याच्या विधिमंडळाच्या मोठ्या सभागृहासाठी ज्याला मत आहे, त्याला प्रतिनिधिगृहासाठीही मत. म्हणून राज्याचा मतदार-कायदा पाहावा लागतो. व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्याप्रमाणे २१ वर्षांचा गोरा पुरुष हवा आणि त्याच्याकडे जमीन हवी. पडीक असेल तर ५० एकर. २५ एकर असेल तर तिच्यावर किमान १२ फूट लांब आणि १२ फूट रुंद घर. किंवा गावात तेवढ्याच मापाचं घर असलेली जागा. खंडाने जमीन कसणारा, मजूर, नावावर जमीन नसलेला धाकटा भाऊ, स्त्री, मुक्त कृष्णवर्णीय आणि अर्थातच गुलामगिरीत ठेवलेला माणूस, यांपैकी कुणालाही मत नव्हतं.

सगळीकडे असंच होतं असं धरून चालू नका. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होतं. तिथे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांनी मतदान केलं. १८०७ मध्ये कायदा करून ते बंद केलं गेलं. तेव्हा न्यू जर्सीच्या मतयादीत बाईचं नाव दिसलं तर ती लेखनिकाची चूक समजून खोडू नका.

पायरी तिसरी : मतवही समोर ठेवा

व्हर्जिनियात मतपत्रिका नव्हती. मतदान तोंडी आणि उघड. काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये शेरीफ, म्हणजे काउंटीचा मुख्य अंमलदार, बसलेला, शेजारी टेबलाशी लेखनिक. मतदार पुढे येतो, आपलं नाव सांगतो, शेरीफ विचारतो मत कुणाला, आणि तो सगळ्यांसमोर उमेदवाराचं नाव घेतो. लेखनिक त्या उमेदवाराच्या नावाखाली मतदाराचं नाव लिहून घेतो. उमेदवार हजर असेल तर त्याने तिथल्या तिथे आभार मानायचे, अशी रीत होती. आठ काउंट्यांत एकाच दिवशी मतदान म्हटल्यावर उमेदवार एका वेळी एकाच कोर्टहाउसवर असणार. बाकीच्या ठिकाणी काम मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या वजनावर चालायचं.

या पद्धतीचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, कोण पुढे आहे हे दिवसभर सगळ्यांना माहीत असायचं. जिथे मूळ मतवही टिकली आहे आणि नावं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहिलेली आहेत, तिथे दर दहाव्या नावाला खूण करत गेलात की आघाडी कधी वाढली, कधी घटली हे कळतं. दोन, सावकार, मोठा जमीनदार, शेजारी या सगळ्यांसमोर मत द्यायचं असल्यामुळे दडपण असायचंच. मत हा त्या माणसाचा मनातला कौल होता असं सरळ गृहीत धरता येत नाही. व्हर्जिनियात ही तोंडी पद्धत यादवी युद्ध संपेपर्यंत चालू राहिली.

मतवह्या शोधताना फक्त ‘निवडणूक’ असं लिहिलेले गठ्ठे चाळून थांबू नका. काही काउंट्यांत मतयाद्या खरेदीखतांच्या दप्तरात नक्कल करून ठेवलेल्या सापडतात. याद्यांतली नावं रिचमंडच्या व्हर्जिनिया राज्य ग्रंथालयात असलेल्या जमीन-कराच्या याद्यांशी ताडून पाहता येतात. त्या १७८२ पासूनच्या आहेत. ताडताना तीन गोष्टी नडतात. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. एकाच नावाचे बाप-लेक किंवा चुलते-पुतणे असतात, आणि लेखनिकाने थोरला-धाकटा लिहिलेलं असेलच असं नाही. शिवाय त्या काळचा लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे आडनावच बदलून जातं. खात्री नसेल तिथे नाव जसंच्या तसं उतरवा आणि शेजारच्या रकान्यात तुमचा अंदाज लिहा. मूळ रकान्यात सुधारणा करू नका.

पायरी चौथी : काउंटीवार मांडा, मगच बेरीज

आता पाचवा मतदारसंघ. पहिला आकडा मॅडिसन यांचा, दुसरा मनरो यांचा.

ऑरेंज : २१६ – ९
कल्पेपर : २५६ – १०३
लुइझा : २२८ – १२४
अ‍ॅल्बमार्ल : १७४ – १०५
गूचलँड : १३२ – १३३
फ्लुव्हाना : ४२ – ६३
स्पॉट्सिल्व्हेनिया : ११५ – १८९
अ‍ॅमहर्स्ट : १४५ – २४६

उभी बेरीज करा : १३०८ आणि ९७२. मग ताळा घ्या. मॅडिसन यांची चार काउंट्यांतली आघाडी २०७, १५३, १०४ आणि ६९, म्हणजे ५३३. मनरो यांची बाकीच्या चार काउंट्यांतली १, २१, ७४ आणि १०१, म्हणजे १९७. ५३३ वजा १९७ बरोबर ३३६. बेरजांमधला फरकही ३३६ च. हा दुहेरी ताळा प्रत्येक मतदारसंघाला लावायची सवय ठेवा. उतरवताना १ चा ७ झाला किंवा दोन काउंट्यांची अदलाबदल झाली, तर चूक इथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वर्तमानपत्रांत अर्धवट निकाल छापून यायचे, म्हणून एकाच अंकावर विसंबू नका. सगळ्या काउंट्या आल्या आहेत का ते मोजा.

बेरीज जुळली की आकड्यांना प्रश्न विचारा. काउंट्या चार-चार वाटल्या गेल्या होत्या, तरी निकाल तेवढा अटीतटीचा नाही. मॅडिसन यांना सुमारे ५७ टक्के मतं आहेत. एकूण मतं २२८०, आणि इथे एकाला एकच मत असल्याने मतदारही तेवढेच. निकाल फिरायला १६९ जणांनी बाजू बदलावी लागली असती.

ऑरेंज आणि कल्पेपर बाजूला काढून उरलेल्या सहा काउंट्यांची बेरीज करा : मॅडिसन ८३६, मनरो ८६०. म्हणजे मनरो २४ मतांनी पुढे. ऑरेंज हे मॅडिसन यांचं घरच. तिथली २१६ विरुद्ध ९ समजण्यासारखी आहे. खरा प्रश्न कल्पेपरचा. नव्या राज्यघटनेला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी १७८८ मध्ये जी परिषद भरली, तिथे कल्पेपरचे दोन्ही प्रतिनिधी घटनेच्या विरोधात होते. मतदारसंघातल्या आठपैकी पाच काउंट्यांचे दोन्ही प्रतिनिधी विरोधात होते, लुइझाचे एक-एक विभागलेले. अशा ठिकाणी, सहा-सात महिन्यांनी, घटनेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता कल्पेपरमध्ये १५३ मतांची आघाडी घेतो. आकडा इथे थांबतो आणि पत्रं बोलायला लागतात.

२ जानेवारी १७८९ रोजी मॅडिसन यांनी बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक जॉर्ज ईव्ह यांना पत्र लिहून स्पष्ट केलं की पहिल्याच काँग्रेसने नागरिकांच्या हक्कांसाठी, विशेषतः धर्मस्वातंत्र्यासाठी, घटनादुरुस्त्या सुचवाव्यात असं आपलं मत आहे. बॅप्टिस्टांनी व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन दिल्याबद्दल तुरुंगवास सोसला होता. त्यांच्यासाठी हा शब्द पोकळ नव्हता. आजच्या मॅडिसन काउंटीत असलेल्या, त्या वेळी कल्पेपरमध्ये मोडणाऱ्या लुथरन चर्चबाहेर दोन्ही उमेदवार बर्फात उभं राहून जर्मन वस्तीसमोर बोलले. रात्री घोड्यावरून परतताना थंडीने नाक पोळल्याची आठवण मॅडिसन पुढे सांगत असत. निवडून आल्यावर ८ जून १७८९ रोजी त्यांनी दुरुस्त्यांचा मसुदा सभागृहात मांडला. ईव्ह यांना लिहिलेलं ते पत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चालवलेल्या संस्थापकांच्या कागदपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात पूर्ण वाचता येतं. ते वाचल्याशिवाय कल्पेपरच्या आकड्यावर भाष्य करू नये, इतकं ते महत्त्वाचं आहे.

पक्षाचा रकाना रिकामा ठेवा, किंवा ‘घटनेच्या बाजूने – विरोधात’ एवढंच लिहा. १७८९ मध्ये पक्ष संघटना नव्हत्या, अधिकृत उमेदवारी नव्हती, चिन्ह तर नाहीच. ज्यांना त्या वर्षी फेडरलिस्ट, म्हणजे घटनेचे समर्थक, म्हटलं जायचं ते मॅडिसन काही वर्षांतच थॉमस जेफरसन यांच्यासोबत फेडरलिस्टांच्या विरोधात उभे ठाकले. नंतरचे पक्ष मागे ओढून चिकटवले की सगळा तक्ता खोटा होतो.

पायरी पाचवी : नकाशा त्याच वर्षाचा घ्या

आजचा कल्पेपर म्हणजे १७८९ चा कल्पेपर नव्हे. १७९२ च्या कायद्याने त्यातून मॅडिसन काउंटी वेगळी झाली, १८३३ मध्ये रॅपाहॅनक. ऑरेंजमधून १८३८ मध्ये ग्रीन काउंटी निघाली, अ‍ॅमहर्स्टमधून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेल्सन. आजच्या नकाशावर मतं रंगवलीत तर अर्धा भाग कोरा राहील. आणखी एक : ७ जानेवारी १७८९ रोजी व्हर्जिनियात राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळासाठी मतदान झालं, त्याचे मतदारसंघ १२ होते. काँग्रेसचे १०. दोन्हींचे ‘पाचवे’ एक समजू नका.

मॅडिसन यांना पाडण्यासाठी घटनेचे विरोधक पॅट्रिक हेन्री यांच्या गटाने हा मतदारसंघ वाकवून आखला, असं वाचायला मिळेल. नकाशा काढून पाहिला तर आठही काउंट्या एकमेकींना लागून, बऱ्यापैकी सलग आहेत. विरोधी काउंट्या त्यांच्या वाट्याला आल्या हे खरं. तेवढंच लिहा, ओढूनताणून वळवलेल्या सीमेचा पुरावा नकाशात दिसत नाही.

पायरी सहावी : टक्केवारी काढण्याआधी थांबा

मतदानाचं प्रमाण काढायचा मोह सगळ्यांना होतो. छेद कुठून आणणार, हा खरा प्रश्न. १७९० च्या जनगणनेत गोऱ्या पुरुषांचे दोनच रकाने आहेत, १६ वर्षांवरचे आणि खालचे. मताचं वय २१ होतं, आणि जमिनीची अट वेगळीच. १६ वर्षांवरच्या सगळ्यांना मतदार धरलंत तर प्रमाण खूपच कमी दिसेल. व्हर्जिनियाच्या त्या जनगणनेच्या कुटुंबवार याद्या नष्ट झाल्या आहेत, काउंट्यांचे एकूण आकडे मात्र आहेत. त्यामुळे जमीन-कराच्या यादीतली पुरुष मालकांची नावं मोजून अंदाज बांधणं जास्त भरवशाचं, आणि तोही अंदाज म्हणूनच लिहायचा.

जनगणनेचा खरा उपयोग जागा समजून घेण्यासाठी आहे. पहिल्या काँग्रेसच्या जागा घटनेतच लिहून ठेवल्या होत्या. १७९२ च्या वाटपात दर ३३,००० लोकांमागे एक जागा, अपूर्णांक सोडून द्यायचा, असा हिशेब झाला आणि सभागृह १०५ चं झालं. हिशेब स्वतः करून पाहा. व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०. त्यात गुलाम २,९२,६२७. मुक्त लोक ४,५४,९८३. जागा ठरवताना घटनेप्रमाणे गुलामांचे तीन-पंचमांशच मोजायचे, ते १,७५,५७६. बेरीज ६,३०,५५९, भागिले ३३,०००, उत्तर १९ आणि थोडं. व्हर्जिनियाला १९ जागा मिळाल्या. फक्त मुक्त लोक मोजले असते तर याच दराने १३. तेव्हा त्याचाच भाग असलेल्या मेनसह मॅसॅच्युसेट्सची लोकसंख्या ४,७५,३२७ होती, म्हणजे व्हर्जिनियातल्या मुक्त लोकांपेक्षा जास्त. त्यांना जागा मिळाल्या १४. ज्यांना मत नव्हतं, स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्यांच्या मोजणीवर मालकांच्या राज्याला सहा जागा जास्त मिळत होत्या. व्हर्जिनियाच्या कुठल्याही निकालाच्या तक्त्याखाली ही टीप असायलाच हवी.

पायरी सातवी : निकालानंतर काय झालं ते पाहा

मतदान झाल्यावर मतदारसंघातले शेरीफ एकत्र येऊन आपापल्या मतवह्या ताडत आणि निवडून आलेल्याचं नाव प्रमाणित करत. पण शेवटचा शब्द प्रतिनिधिगृहाचा. आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा निवाडा ते सभागृह स्वतः करतं. म्हणून मतांच्या तक्त्यानंतर सभागृहाचं कामकाज चाळल्याशिवाय वही मिटू नका.

साउथ कॅरोलायनाचे विल्यम लॉटन स्मिथ सात वर्षांचे नागरिक नाहीत, अशी तक्रार डेव्हिड रॅमझी यांनी केली. मे १७८९ मध्ये सभागृहाने स्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. न्यू जर्सीत मतदान कधी संपवायचं हेच कायद्यात नव्हतं. काही काउंट्यांनी मतदान लांबवलं, आणि एसेक्स काउंटीचा निकाल यायच्या आधीच गव्हर्नरांनी विजयी चौघं जाहीर केले. वाद सभागृहात गेला आणि चौघांच्या जागा कायम राहिल्या. अशा वेळी एसेक्सची मतं तक्त्यात भरायची, पण ‘निकालात धरली नाहीत’ असं शेजारी लिहून. जॉर्जियातला प्रकार सगळ्यात गंभीर होता. १७९१ मध्ये अँथनी वेन यांनी जेम्स जॅक्सन यांना हरवलं. मतांतली लबाडी उघड झाल्यावर मार्च १७९२ मध्ये सभागृहाने वेन यांची निवड रद्द केली. तरी जॅक्सन यांनाही जागा दिली नाही, ती रिकामी ठरवली. ‘जास्त मतं’ या रकान्यावर थांबणारा वाचक इथे चुकीचं नाव लिहून मोकळा होतो.

व्हर्जिनियाच्या पुढच्या निवडणुकांकडे वळाल तेव्हा तारखा नोव्हेंबरमध्ये शोधू नका. दुसऱ्या काँग्रेससाठी तिथे सप्टेंबर १७९० मध्ये मतदान झालं, तिसऱ्यासाठी मार्च १७९३ मध्ये. वर्ष लिहिण्यापेक्षा ‘कितवी काँग्रेस’ हा रकाना आधी ठेवा आणि मतदानाची तारीख त्याच्या शेजारी. १७८७ ते १८२५ पर्यंतच्या निकालांसाठी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीचा ‘ए न्यू नेशन व्होट्स’ हा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. फिलिप लॅम्पी यांनी अनेक दशकं जुनी वर्तमानपत्रं आणि दप्तरं चाळून हाताने उतरवलेल्या आकड्यांवर तो उभा आहे. राज्य, वर्ष आणि पद निवडलं की काउंटीवार तक्ता मिळतो. पहिल्यांदा उघडाल तेव्हा व्हर्जिनिया, १७८९, पाचवा मतदारसंघ काढा, वरच्या आठ ओळी शेजारी ठेवा आणि ताळा स्वतः घ्या.